फूट कंट्रोलरला मिडी केबलमधूनच पॉवर द्यायची आहे. कोणी केलंय का?

होटगीरोड
नमस्कार मंडळी. गणपती तोंडावर आलेत, ऑर्केस्ट्राच्या तारखा लागल्यात आणि माझं जुनं दुखणं परत वर आलंय.

गिटारचा रॅक प्रोसेसर (आवाज बदलणारं यंत्र) मागे ड्रमच्या बाजूला असतो, ते आवाज पायानं बदलायचा फूट कंट्रोलर पुढं माझ्या पायाशी. मधे दहा मीटर मिडी केबल, कंट्रोलरचा हुकूम प्रोसेसरला पोचवणारी. ती बिचारी काही त्रास देत नाही. त्रास आहे कंट्रोलरच्या अडॅप्टरचा. त्याची वायर दीड मीटर, म्हणजे २३० व्होल्टचा एक्स्टेन्शन बोर्ड थेट स्टेजच्या पुढच्या कडेला आणावा लागतो. मंडपात त्या जागी काय काय चालतं ते सांगायला नको. सत्काराचे नारळ तिथंच फुटतात, पाण्याच्या बाटल्या तिथंच लवंडतात आणि बक्षीस द्यायला वर आलेला माणूस नेमका त्याच वायरीत पाय अडकवतो. त्यात आपल्या सोलापुरात पाऊस जोर धरणार तोही सप्टेंबरातच.

मिडीच्या पाच पिनांतल्या दोन रिकाम्या असतात आणि त्यांतून पॉवर नेता येते असं ऐकून आहे. माझ्या कंट्रोलरवर ९ व्होल्ट डीसी, ३०० मिलीअँपिअर, आतली पिन निगेटिव्ह असं छापलंय. मला मुख्य भीती आहे ती रॅकची. तो उडाला तर सीझन गेला. दुसरं म्हणजे दहा मीटरवर ९ व्होल्टातले किती शिल्लक राहतात? स्पेअर मिडी केबल उघडून बघितली तर आत तीनच वायरी दिसल्या. मग त्या रिकाम्या पिनांचं काय?

फटाका_ड्रमर
काय करलालास बे हे. वायरलेस मिडी घे की. नाहीतर कंट्रोलर माझ्याकडं ठेव आणि कुठला पॅच (आवाजाची सेटिंग) पाहिजे ते ओरडून सांग, मी दाबतो पायानं.

होटगीरोड
हवेतून डेटा येतो, ९ व्होल्ट येत नाहीत. वायरलेस घेतलं तरी अडॅप्टर आहेच. आणि तुझ्या पायाच्या टायमिंगबद्दल मी इथं चारचौघात काही बोलत नाही.

सोल्डरबाबा
करता येतं. बरेच जण करतात, काही कंपन्यांच्या यंत्रांत ही सोय मुळातच असते. पण आधी पाच पिनांचं काम समजून घे, मग निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

मिडी हे १९८३ सालचं प्रकरण. डेटा जातो तो करंटच्या लूपमधून. पाठवणारं यंत्र ४ नंबरच्या पिनेवर २२० ओहममधून ५ व्होल्ट देतं, तो करंट समोरच्या यंत्रातल्या ऑप्टोकपलरची (तारेनं न जोडता उजेडानं सिग्नल पुढं देणाऱ्या भागाची) एलईडी पेटवतो आणि ५ नंबरवरून परत येतो. सगळा खेळ ५ मिलीअँपिअरचा. २ नंबर शील्डचा, म्हणजे वायरींभोवतीच्या जाळीचा. १ आणि ३ मिडीला लागतच नाहीत, म्हणून स्वस्तात केबल बनवणारे त्या जोडत नाहीत. तुझ्या केबलीत तीन वायरी दिसल्या त्या यामुळं. मिडीसाठी ती केबल चांगलीच आहे, तुझ्या कामाला उपयोगाची नाही. पाच गाभ्यांची शील्डेड केबल घेऊन दोन्ही टोकांना नवे डिन प्लग (मिडीचे ते गोल पाच पिनांचे) लाव.

४ नंबरवरूनच पॉवर घ्यावी असं काहींच्या डोक्यात येतं. एखादी छोटी थ्रू-डबी (आलेला मिडी सिग्नल तसाच पुढं देणारी) त्यावर चालते, पण तीनशे मिलीअँपिअर तिथून निघणार नाहीत. शिवाय तुझ्या केबलीत पाठवणारा म्हणजे कंट्रोलरच, ४ नंबरवर ५ व्होल्ट टाकणारा तोच. स्वतःच्या ताटातलं स्वतःलाच वाढून पोट कसं भरणार?

आता रॅक. त्याला हात लावायचाच नाही, उघडायचाही नाही. रॅकपाशी एक छोटी पत्र्याची किंवा प्लास्टिकची डबी ठेवायची. तिच्यात एक डीसी सॉकेट, त्यात ९ व्होल्टचा अडॅप्टर. एक पाच पिनांचं डिन सॉकेट, त्यात कंट्रोलरकडून आलेली लांब केबल. त्या सॉकेटच्या १ आणि ३ ला अडॅप्टरची पॉवर. रॅकच्या बाजूला मात्र सॉकेट ठेवायचं नाही. तिथं वीतभर केबल डबीतूनच बाहेर काढायची, तिच्या टोकाला प्लग, आणि त्या केबलीत फक्त २, ४ आणि ५ च्या वायरी. १ आणि ३ तिथं नाहीतच. म्हणजे अंधारात, घाईत, कोणीही कशीही जोडली तरी त्या वीतभर केबलीतून रॅकपर्यंत ९ व्होल्ट जायला रस्ताच नाही. दोन्हीकडं सॉकेटं ठेवलीस तर डबी उलटी लागू शकते, आणि जी उलटी लागू शकते ती एक दिवस लागतेच.

पुणेरी_पेडल
एवढा जुगाड कशाला? यासाठी सात पिनांचे कनेक्टर मिळतात. ६ आणि ७ वर पॉवर, मिडीच्या पिना अबाधित. रॅकवाले व्यावसायिक लोक अनेक वर्षं तेच वापरतात.

सोल्डरबाबा
बरोबर आहे, आणि नवीन काही बांधत असाल तर तेच करा. पाच पिनांचा नेहमीचा प्लग सात पिनांच्या सॉकेटात बसतो, सात पिनांचा प्लग पाचच्या सॉकेटात बसत नाही. त्यामुळं पॉवरची केबल चुकून कुणाच्या कीबोर्डात जायची शक्यताच संपते. फायदा आहे तो हा, बाकी १-३ काय आणि ६-७ काय, तांब्याला फरक पडत नाही.

फक्त एक खबरदारी. सात पिनांची जी तयार यंत्रं बाजारात आहेत त्यांतल्या कित्येकांत ९ व्होल्ट एसी असतं, डीसी नाही. प्लग बसला म्हणून पॉवर जुळली असं धरू नका. लेबल वाचा, मीटर लावा. होटगीरोडच्या कंट्रोलरला डीसी लागतं.

होटगीरोड
सात पिनांचे प्लग इथं मिळाले नाहीत. नवी पेठेत विचारलं तर दुकानदारानं आधी डिन म्हणजे काय ते विचारलं, मग जुन्या टेपरेकॉर्डरचे पाच पिनांचे काढून दाखवले.

पुणेरी_पेडल
पुण्याला तपकीर गल्लीत या, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात.

होटगीरोड
हुतात्मा एक्सप्रेसनं प्लग आणायला येऊ? येतो, पण जेवण तुमच्याकडं.

डाळिंबी
मी कीबोर्ड वाजवते, त्यामुळं माझा स्वार्थाचा प्रश्न. आमच्या ग्रुपमधे केबली एकाच पेटीत पडतात. तुमची ही पॉवरवाली केबल माझ्या कीबोर्डच्या मिडी इनमध्ये गेली तर?

सोल्डरबाबा
ताई, नुसती केबल गेली तर काहीच नाही, पॉवर डबीत आहे. डबीला जोडलेली केबल कीबोर्डात गेली तरी बहुतेक कीबोर्डांत १ आणि ३ कुठंच जोडलेल्या नसतात, म्हणजे तेव्हाही काही नाही. पण "बहुतेक" या शब्दावर पन्नास हजारांचा कीबोर्ड लावू नये. या दोन पिना वेगळ्या कामाला लावलेली यंत्रं आहेत. जुन्या अटारी एसटी कॉम्प्युटरात मिडी आउटच्या सॉकेटातच १ आणि ३ वर थ्रूचा सिग्नल काढलेला असायचा. तिथं ९ व्होल्ट गेले असते तर त्याची गच्छंती होती.

म्हणून केबल दुरून ओळखू यावी. लाल किंवा पिवळी घ्या, दोन्ही टोकांना टेप, त्यावर "९ व्होल्ट आहे". आणि ती पेटीत टाकायचीच नाही, कंट्रोलरच्या बॅगेतच राहील.

निवांत_पेन्शनर
वीज खात्यात नोकरी झाली, गिटारमधलं काही कळत नाही. पण पिनांच्या चर्चेत मूळ गोष्ट मागे पडू नये म्हणून लिहितो. या धाग्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग म्हणजे २३० व्होल्ट स्टेजच्या पुढच्या कडेवरून उठवून मागे नेणं. पायाशी ९ व्होल्ट असतील तर पाणी सांडलं तरी माणूस मरत नाही, फार तर यंत्र मरतं.

मागं नेलं म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. मंडपात बहुतेक वेळा जनरेटर असतो. अर्थिंगचा रॉड ठोकलाय का, आणि जनरेटरपाशी न्यूट्रल व अर्थ एकमेकांना जोडलेत का, हे मंडपवाल्याच्या वायरमनला विचारा. ते जोडलेले नसतील तर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवूनही ती नुसती शोभेची, कारण गळतीचा करंट परत जाऊन तिला फरक कळायला वाटच नसते. आणि तीन फेजच्या जनरेटरचा न्यूट्रल मधेच सुटला तर एका फेजवर व्होल्टेज पडतं, दुसऱ्यावर ४०० च्या दिशेनं चढतं. मंडपात एकदम सगळे अडॅप्टर गेल्याच्या कहाण्या ऐकता ना, त्यांतल्या बऱ्याच या न्यूट्रलच्या असतात. पण हे स्वतः उघडून बघू नका. लायसन असलेल्या वायरमनचं काम आहे.

अडॅप्टर स्वस्तातला घेऊ नका. त्यावर बीआयएसचा शिक्का आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. तुमच्या डबीच्या सुरक्षिततेत २३० आणि ९ व्होल्ट यांच्यामधे उभं असलेलं एकच इन्सुलेशन आहे, आणि ते त्या अडॅप्टरच्या आत आहे.

डाळिंबी
काका, दोन पिनांच्या अडॅप्टरला लावलेल्या यंत्राच्या पत्र्यावर हात फिरवला की झिणझिण लागते. ते हेच का?

निवांत_पेन्शनर
त्याचं कारण वेगळं. आतल्या दोन बाजूंमधे रेडिओ गोंगाट दाबायला एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून किंचित करंट येतो. चांगल्या अडॅप्टरात तो पाव मिलीअँपिअरच्या आतच असतो. झिणझिण ठीक आहे. झटका बसला तर तो अडॅप्टर तिथंच तोडून टाका, दुसऱ्याला देऊ नका.

होटगीरोड
काका, तुम्ही इथं असताना आम्ही मंडपवाल्यावर विसंबून राहतो म्हणजे कमाल आहे.

बाबा, आता व्होल्टेजचं सांगा. घरात पडलेली एक पाच गाभ्यांची बारीक केबल आहे, दहा मीटरचीच. कंट्रोलर उघडून बघितला, आत ७८०५ (५ व्होल्ट काढून देणारा रेग्युलेटर आयसी) पत्र्याला स्क्रूनं बसवलाय. अडॅप्टरच्या वायरीत मीटर घालून करंट बघितला: नुसता चालू असताना १८० मिलीअँपिअर, सगळ्या एलईडी पेटल्या की २८०.

सोल्डरबाबा
शाब्बास, हे मोजलंस म्हणून पुढचं बोलता येतं. आता त्या बारीक केबलीच्या एका टोकाला १ आणि ३ च्या वायरी एकत्र पिळ आणि दुसऱ्या टोकाला मीटरनं ओहम बघ. आधी मीटरच्या प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचा आकडा वजा कर, नाहीतर उगाच अर्धा ओहम जास्त दिसेल.

होटगीरोड
४.४ आला, प्रोबचं वजा करून.

सोल्डरबाबा
मग हिशोब बघ. २८० मिलीअँपिअर गुणिले ४.४ म्हणजे १.२ व्होल्ट केबलीतच गेले. राहिले ७.८. आता लोक उलटसुलट पोलॅरिटीच्या भीतीनं कंट्रोलरमधे ब्रिज रेक्टिफायर (कसंही जोडलं तरी सरळ पोलॅरिटी देणारा चार डायोडांचा जोड) बसवतात. त्यात दोन डायोड एकामागोमाग, आणखी १.४ गेले. उरले ६.४. आणि ७८०५ ला ५ व्होल्ट नीट द्यायला आत साधारण ७ तरी लागतात. म्हणजे तुझा कंट्रोलर घरी नुसता चालू करून ठेवशील तेव्हा छान चालेल, आणि कार्यक्रमात सगळ्या एलईडी पेटल्या की रीसेट होईल. अशी यंत्रं लोक माझ्याकडं "मिडी खराब झालंय" म्हणून आणतात. मिडीला काहीही झालेलं नसतं.

पुणेरी_पेडल
सरळ १२ व्होल्टचा अडॅप्टर लावा. ड्रॉपचा प्रश्नच मिटतो.

सोल्डरबाबा
मिटतो, आणि दुसरा सुरू होतो. ७८०५ जादा व्होल्टेज उष्णतेत काढतो. १२ दिले आणि केबल जाड असली तर त्या आयसीवर पावणेदोन वॉटच्या आसपास तापायचं काम येतं, बंद पत्र्याच्या खोक्यात, सोलापूरच्या उकाड्यात. शिवाय आतला इनपुट कपॅसिटर किती व्होल्टचा आहे ते बघितलंय का कोणी? लेबलवर ९ लिहिलंय तर ९ च द्यावेत, हे माझं मत. व्होल्टेज वाढवण्यापेक्षा तांबं वाढवा. ०.२२ चौरस मिलिमीटरच्या गाभ्यांची केबल घेतली तर जाऊन-येऊन वीस मीटरला दीड-पावणेदोन ओहम भरतात. ड्रॉप अर्ध्या व्होल्टच्या आत. ब्रिजऐवजी पॉझिटिव्हमधे एकच शॉटकी डायोड, तो साध्या डायोडपेक्षा कमी खातो, ०.४ व्होल्टच्या आसपास. कंट्रोलरला आठ व्होल्टच्या वर पोचतात, सगळ्या एलईडी पेटवून. पोलॅरिटी उलटी झाली तर डायोड अडवतो, यंत्र चालू होत नाही इतकंच. आणि चुकून कंट्रोलरच्या मूळ सॉकेटात कोणी दुसरा अडॅप्टर लावला तर हाच डायोड त्याचा करंट केबलीत उलटा शिरू देत नाही.

कंट्रोलरच्या बाजूचं सांगतो. मिडी आउट सॉकेटच्या १ आणि ३ पासून दोन वायरी डीसी सॉकेटपर्यंत न्यायच्या, पॉझिटिव्हमधे तो डायोड. पण त्याआधी मीटर बीपवर ठेवून १ आणि ३ बोर्डावर कुठं जोडलेल्या नाहीत ना ते बघ: २ नंबरशी, पत्र्याशी, एकमेकींशी. काही बोर्डांवर रिकाम्या पिना ग्राउंडला टाकून दिलेल्या असतात. तसं असेल तर ते ट्रॅक कापावे लागतात. आतली पिन निगेटिव्ह म्हणजे बाहेरचं कडं पॉझिटिव्ह, तेव्हा डीसी सॉकेट पत्र्याला टेकणारं धातूचं नाही ना तेही बघ.

वॉरंटी असेल किंवा उघडायची हिंमत नसेल तर तिकडंही एक डबी कर: आत लांब केबल, बाहेर एक छोटी मिडी शेपटी आणि एक छोटी डीसी शेपटी. दिसायला गबाळं, पण कंट्रोलर कोरा राहतो. डायोड मग त्या डबीत.

फटाका_ड्रमर
हे वाचून मला माझ्या काठ्यांबद्दल फार प्रेम वाटायला लागलंय. त्यांना ग्राउंड नाही, ड्रॉप नाही.

डाळिंबी
माझा अजून एक प्रश्न. पॉवरचं निगेटिव्ह २ नंबरवरूनच परत नेलं तर चालत नाही का? तेही ग्राउंडच ना? मग एकच जादा वायर लागेल.

सोल्डरबाबा
चालतं, म्हणजे कंट्रोलर चालू होतो, आणि त्यामुळंच लोक करतात. करू नये. मिडीत इनच्या बाजूला २ नंबर मुद्दाम कुठंच जोडलेला नसतो. आउटच्या बाजूला शील्ड ग्राउंडला, इनच्या बाजूला मोकळा, आणि मधे ऑप्टोकपलर. त्यामुळं दोन यंत्रांची ग्राउंड एकमेकांना भेटत नाहीत आणि ५० हर्ट्झची घूं येत नाही. २ नंबरवर पॉवर टाकली की शील्डमधून करंट वाहायला लागतो, आणि अडॅप्टर इतर पेडलांशी वाटून घेतला असेल तर हे ग्राउंड गिटारच्या ग्राउंडला जाऊन मिळतं. मग साउंडवाला आणि गिटारवाला एकमेकांकडं बघत बसतात. १ आणि ३ असताना २ ला छळायचं कशाला? आणि कंट्रोलरला स्वतंत्र अडॅप्टर. पेडलांच्या साखळीतून नको.

चाटीगल्ली
माझ्याकडं बेरिंजरचा एफसीबी १०१० हा फूट कंट्रोलर आहे. त्याला अडॅप्टर नाही, मागे थेट २३० ची केबल लागते. त्याचं असं होईल का?

सोल्डरबाबा
होतं, पण हे काम नवशिक्यानं करू नये. त्यात ट्रान्सफॉर्मर आतच आहे, म्हणजे खोक्यात २३० व्होल्ट फिरतात. आणि एक गोष्ट इंटरनेटवरच्या आकृत्यांत हमखास राहून जाते. तुम्ही ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर (कमी व्होल्टेजच्या बाजूवर) केबलीतून एसी दिलंत आणि सेकंडरी सोडवून वेगळी केली नाहीत, तर ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो. मागच्या पॉवर सॉकेटच्या उघड्या पिनांवर जीवघेणं व्होल्टेज येतं, केबल लावलेली नसताना! बोट लागलं की संपलं. तेव्हा एक तर रेक्टिफायरच्या पुढं डीसी द्यायचं, नाहीतर ट्रान्सफॉर्मर पूर्ण सोडवून सॉकेट काढून टाकायचं. कोणत्या पॉइंटला किती व्होल्ट ते तुमच्या बोर्डावर मोजूनच ठरवायचं, ऐकीव आकड्यावर नाही. माझा सल्ला: ज्याचं रोजचं काम आहे त्याच्याकडून करून घ्या.

निवांत_पेन्शनर
वरच्या पोस्टमधलं ट्रान्सफॉर्मरचं वाक्य दोनदा वाचा.

होटगीरोड
केबल आली, जाड गाभ्यांची. डिन प्लग नवी पेठेतलेच. आज रात्री सोल्डरिंगला बसतोय. काही सूचना?

सोल्डरबाबा
सोल्डरिंगआधी प्लगचं कव्हर केबलीवर चढव. सगळे विसरतात, मग पाच वायरी परत सोडवतात.

स्वस्त डिन प्लगचं प्लास्टिक मऊ असतं. गन जास्त वेळ ठेवली की पिन तिरकी होते आणि नंतर सॉकेटात जातच नाही. म्हणून सोल्डरिंग करताना प्लग एका जुन्या सॉकेटात खोचून ठेव. पिना सरळ राहतात आणि उष्णताही सॉकेट ओढून घेतं. आधी पिनेच्या खोबणीत थोडं सोल्डर भर, वायरीचं टोक वेगळं टिनिंग कर (सोल्डरनं माखून घे), मग दोन्ही टेकवून दोन सेकंदांत उचल. प्रत्येक वायरीवर बारीक श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी). १ च्या शेजारी ४ आहे आणि ३ च्या शेजारी ५. एक केसभर तार सुटली तर ९ व्होल्ट थेट डेटाच्या पिनेवर जातात.

पिनांचा क्रम सरळ १-२-३ नाही: एका कडेनं १, ४, २, ५, ३. समोरून बघितलेली आकृती सोल्डरच्या बाजूनं आरशासारखी उलटते, म्हणजे १ च्या जागी ३ आणि ४ च्या जागी ५. आकृतीवर जाऊ नको. प्लास्टिकवर पिनेशेजारी बारीक उठावदार आकडे असतात, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की दिसतात. तेच खरे.

झाल्यावर मीटर बीपवर. प्रत्येक पिन समोरच्या त्याच आकड्याच्या पिनेशीच वाजली पाहिजे, आणि दुसऱ्या कुठल्याही पिनेशी, कव्हरशी, वाजता कामा नये. हे केबल हलवत, वाकवत करायचं.

पुणेरी_पेडल
मी तर म्हणतो डिन प्लगच नको. एक्सएलआर लावा, स्टेजवर लॉक होतात, पाय लागून निघत नाहीत.

सोल्डरबाबा
तीन पिनांचा एक्सएलआर मिडीला पुरतो, पण मग पॉवरला पिनाच उरत नाहीत. शिवाय तो मिक्सरच्या माइक इनपुटात गेला आणि तिथं ४८ व्होल्टची फँटम (माइकला त्याच्याच केबलीतून जाणारी पॉवर) चालू असेल तर? मिडी केबलीतून नेलेल्या पॉवरलाही लोक फँटमच म्हणतात. ती फँटम वेगळी, ही वेगळी, नाव एकच असल्यामुळं गोंधळ वाढतो. पाच पिनांचा एक्सएलआर लावता येईल, पण लाइटवाल्याची डीएमएक्सची (लाइट चालवायच्या सिग्नलची) केबलही तशीच असते, आणि मंडपात लाइटवाल्याच्या पेट्या आपल्याच शेजारी उघडलेल्या असतात. पाय लागून निघण्याची भीती असेल तर कंट्रोलरपाशी केबलीचा एक वेढा मारून पट्टीनं बांधा.

हल्ली छोट्या पेडलांवर मिडीसाठी साडेतीन मिलिमीटरचा जॅक असतो, त्यातही तीनच जोड. तिथंही ही युक्ती नाही.

होटगीरोड
झालं. डबी रॅकच्या मागं दुहेरी टेपनं चिकटवली. केबलीचा लूप १.७ ओहम. सगळ्या एलईडी पेटवून डायोडच्या पुढं ८.२ व्होल्ट आले. तालमीत पूर्ण वेळ चालला, एकदाही रीसेट नाही, ७८०५ चा पत्रा हाताला कोमट लागतो इतकंच. गेन चढवून सगळे वाजवायचे थांबले तरी घूं नाही. गिटारची केबल मात्र या केबलीबरोबर बांधली तेव्हा पॅच बदलताना बारीक टिक ऐकू यायचा. वेगळी केली, गेला.

सोल्डरबाबा
तो टिक एलईडी पेटताना करंट एकदम बदलतो त्याचा. कंट्रोलरच्या आत, डायोडच्या पुढं, ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर टाक. आणि सवय अशी ठेव: आधी केबल दोन्हीकडं लाव, मग अडॅप्टरचं बटण. काढताना उलटं.

डाळिंबी
बाबा, मलाही एक डबी करून द्या. माझ्याकडंही पायाशी मिडी पेडल आहे, पण त्यावर ९ व्होल्ट एसी लिहिलंय.

सोल्डरबाबा
ताई, मग तुमची डबी वेगळी, डायोड नाही, आणि तिच्यावर "एसी" असं मोठ्या अक्षरात. होटगीरोडची आणि तुमची एकमेकांत बदलली तर दोघांचंही नुकसान. तुम्हाला सात पिनांचं सॉकेट लावून देतो, म्हणजे तुमची केबल त्याच्या डबीत बसणारच नाही. फक्त त्याची केबल तुमच्या डबीत बसेल, पण ६ आणि ७ तिच्यात नसल्यामुळं काही होणार नाही.

चाटीगल्ली
डबीत फ्यूज किती टाकायचा? वर कोणी लिहिलं नाही.

सोल्डरबाबा
राहिलंच लिहायचं. पॉझिटिव्हमधे, डीसी सॉकेटच्या लगेच पुढं, ५०० मिलीअँपिअरचा पॉलिफ्यूज. शॉर्ट झाला की तापून अडवतो, थंड झाला की परत चालू. तो ५०० ला लगेच तुटत नाही, साधारण दुपटीला तुटतो आणि थोडा वेळ घेतो, म्हणून अडॅप्टर १ अँपिअरचा पुरे. ५ अँपिअरचा मोठा लावून कंट्रोलरला काही जास्त मिळत नाही, शॉर्ट झाल्यावर केबल तापवायची ताकद तेवढी वाढते. चालू दिसायला एक एलईडी आणि १ किलोओहम, पॉलिफ्यूजच्या पुढं. ती विझली म्हणजे एक तर अडॅप्टर गेला किंवा केबलीत शॉर्ट आहे. केबल काढून बघ, थोड्या वेळानं एलईडी परत पेटली तर दोष केबलीत किंवा कंट्रोलरमधे.

चाटीगल्ली
आणि सॉकेटचं भोक किती मिलिमीटरचं पाडू?

सोल्डरबाबा
आधी सॉकेट विकत घे, मग मोज. कंपनीगणिक बदलतं.